‘मु.’ आणि ‘पो.’ यांमधील अंतर

महाराष्ट्रांतील खेड्यांचे पत्ते दोन प्रकारचे असतात. ज्या गांवांत पोस्ट आहे तेथील माणूस ‘मु. पो.’ असें एका दमांत लिहून पुढें गांवाचें नांव घालतो. ज्या गांवांत पोस्ट नाहीं तेथील माणसास ‘मु.’ अमुक, ‘पो.’ तमुक असें दोन ठिकाणीं लिहावें लागतें. लिफाफ्यावर या दोन अक्षरांमध्यें बोटभर अंतर दिसतें. प्रत्यक्षांत त्या अंतरांत एखादा ओढा असतो, एखादी खिंड असते, कोस-दोन कोसांची पायवाट असते, आणि ऐन पावसाळ्यांत ती पायवाटही उरत नाहीं. मुंबईहून निघालेलें पत्र आगगाडीनें व मोटारीनें शंभर कोस दोन-तीन दिवसांत येतें. शेवटच्या दोन कोसांस मात्र कधीं आठवडा लागतो, आणि कधीं तें पोंचतच नाहीं. या शेवटच्या दोन कोसांविषयीं आज आम्हांस लिहावयाचें आहे. कारण टपालाविषयीं जी चर्चा शहरांत चालते ती बहुतेक पहिल्या शंभर कोसांचीच असते.

प्रथम खात्याचें जें श्रेय आहे तें देऊन टाकूं. १८५४ च्या कायद्यानें, अंतर कितीही असो, हलक्या पत्रास अर्धा आणा हा एकच दर ठरला. १८७९ पासून पाव आण्यांत कार्ड मिळूं लागलें. १८८० सालीं मनीऑर्डर पोस्टाकडे आली. मग कोंकणांतील कित्येक घरांच्या चुली गिरणगांवांतून आलेल्या मनीऑर्डरींवर पेटल्या, आणि ओटीवर बसून नोटा मोजून देणारा पोस्टमन हा त्या घरांत सर्वांत वाट पाहिला जाणारा पाहुणा झाला. आज देशांत १ लाख ६४ हजारांहून अधिक पोस्टें असून त्यांतील सुमारें नऊ-दशांश खेड्यांत आहेत. एवढा पसारा जगांतील दुसऱ्या कोणत्याही टपालखात्याचा नाहीं. हें सर्व खरें आहे. पण पोस्टांची संख्या ही एक गोष्ट आणि घरांत पत्र पोंचणें ही दुसरी. शाखा-पोस्ट उघडण्याचे जे निकष वर्षानुवर्षें चालत आले त्यांत, सपाट मुलखांत, लगतच्या पोस्टापासून तीन किलोमीटरांचें अंतर, तीन हजारांची वस्ती आणि खर्चाच्या निदान एक-तृतीयांश उत्पन्न अशी अट होती. डोंगराळ व आदिवासी भागांत ती सैल केलेली होती, तरी उत्पन्नाची अट तेथेंही पुरती सुटली नव्हती. म्हणजे जें गांव तिकिटें विकत घेण्याइतकें सधन नाहीं त्याचा पोस्टावरील हक्कही तेवढाच लंगडा. विहीर कोठें खणावी हें, तेथील लोक किती पाणी विकत घेतात यावर ठरविण्यासारखेंच हें आहे.

आतां कोणी म्हणेल कीं, प्रत्येकाच्या खिशांत दूरध्वनी आला; पत्र लिहितो कोण आणि वाट पाहतो कोण? खुशालीचीं पत्रें गेलीं हें आम्हांसही दिसतें. खुद्द तारही २०१३ सालीं बंद झाली. पण टपाल कमी झालें म्हणून टपालाचें महत्त्व कमी झालें असें समजणें ही चूक आहे. पूर्वी पिशवींत दहा पत्रें असत, त्यांतील नऊ चार दिवस उशिरां पोंचलीं तरी कोणाचें कांहीं बुडत नसे. आतां पिशवींत दोनच असतात. पण तीं कोणतीं? न्यायालयाचें समन्स, बँकेची वसुलीची नोटीस, नोकरीच्या मुलाखतीचें बोलावणें, वाहन चालविण्याचा परवाना, पारपत्र, बँकेचें नवें कार्ड. जें पत्र थोडें उशिरां चालतें तें तारायंत्राच्या नातवंडांनीं उचललें. जें उशिरां चालतच नाहीं तेवढें पोस्टाकडे उरलें. मुलाखतीचा दिवस उलटल्यावर हातीं पडलेलें बोलावणें घेऊन एखादा पदवीधर मुलगा शाखा-पोस्टाच्या पायरीवर उभा राहतो, तेव्हां देशांत किती लाख पोस्टें आहेत हा आंकडा त्यास सांगून काय उपयोग?

आमच्या मतें या प्रश्नाचें मर्म टपालखात्याच्या अहवालांत नसून कायद्याच्या पुस्तकांत आहे. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचें सत्ताविसावें कलम असें सांगतें कीं, योग्य पत्ता घालून, टपालहंशील भरून रजिस्टर टपालानें पाठविलेला कागद, उलट सिद्ध न झाल्यास, टपालाच्या नेहमींच्या क्रमानें तो ज्या वेळीं पोंचला असता त्या वेळीं पोंचलाच असें धरावें. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पांचव्या आदेशांतील नववा नियम आणखी एक पाऊल पुढें जातो. समन्स पोंचपावतीसह रजिस्टर टपालानें रीतसर पाठविलें असलें, आणि ती पावती हरवली, गहाळ झाली किंवा तीस दिवसांत परत आली नाहीं, तरी समन्स बजावलें गेलें असें न्यायालयानें जाहीर करावयाचें. चेक न वटल्याच्या प्रकरणांत नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे न दिल्यास गुन्हा घडतो. आणि नोटीस मिळाली कीं नाहीं या वादांत सर्वोच्च न्यायालयानें २००७ सालीं हेंच गृहीत कायम केलें. न्यायालयानें एक वाट मोकळी ठेवली हें सांगणें प्राप्त आहे: ज्यास नोटीस खरोखर मिळाली नाहीं त्यानें न्यायालयाचें समन्स मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम भरावी, म्हणजे तो सुटेल. वाट चांगली आहे. पण तें समन्स तरी वेळेवर त्याच्या हातीं पडलें पाहिजे.

हें गृहीत मुळांतच अन्यायाचें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तें नसतें तर लबाड देणेकऱ्यानें पोस्टमनची सायकल दिसतांच दार लावून घेतलें असतें, आणि सावकार काय किंवा गरीब विधवा काय, कोणाचाच दावा उभा राहिला नसता. परंतु कायद्याचें गृहीत हें वस्तुस्थितीच्या खांद्यावर बसलेलें असावें लागतें. ‘टपालाचा नेहमींचा क्रम’ असे शब्द कायद्यांत आहेत. हा क्रम गिरगांवांत एक असतो, सातपुड्याच्या पाड्यावर दुसरा असतो. गिरगांवांतील भाडेकरूस एका दिवसांत जें मिळतें तेंच अक्राणीच्या डोंगरांतील शेतकऱ्यास त्याच दिवशीं मिळालें असें धरून चालणें, हा न्याय नव्हे. ही सोय आहे.

आतां याच्या शेजारीं दुसरा कायदा ठेवा. १८९८ च्या पोस्ट कायद्यांत, टपाल गहाळ झाल्यास, चुकीच्या हातीं पडल्यास किंवा त्यास उशीर झाल्यास सरकार जबाबदार नाहीं अशा अर्थाचें कलम होतें. तो कायदा जाऊन २०२३ चा पोस्ट कायदा १८ जून २०२४ पासून अमलांत आला. त्याच्या दहाव्या कलमानें, एखाद्या सेवेपुरती नियमांनीं ठरवून दिली जाईल तेवढी जबाबदारी सोडून, बाकीच्या सर्व जबाबदारींतून पोस्ट मोकळें राहिलें. जुन्या कायद्यांत पत्र फोडणाऱ्या, दाबून ठेवणाऱ्या वा उशीर लावणाऱ्या टपालनोकरास शिक्षा सांगणारीं कलमें होतीं. नव्या कायद्यांत तीं नाहींत. म्हणजे एका तोंडानें सरकार खेडुतास सांगतें, ‘पत्र टाकलें म्हणजे तुला पोंचलें’. आणि दुसऱ्या तोंडानें सांगतें, ‘न पोंचलें तर आम्हांस विचारूं नको.’ हीं दोन वाक्यें दोन वेगळ्या पुस्तकांत छापलेलीं असल्यामुळें त्यांतील विसंगति कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीं. ज्याच्या जमिनीवर एकतर्फी हुकूमनामा होतो त्याच्या ती बरोबर ध्यानांत येते.

‘उलट सिद्ध न झाल्यास’ अशी सवलत कायद्यानें ठेवली आहे खरी. पण न आलेल्या पत्राचा पुरावा माणसानें आणावयाचा कोठून? आलेल्या पत्राची सही असते, तारीख असते, साक्षीदार असतो; न आलेल्या पत्राचें कांहींच नसतें. त्याच्याविरुद्ध मात्र एक पुरावा तयार असतो, तो म्हणजे लिफाफ्यावरचा शेरा. ‘दार बंद’, ‘घेण्यास नकार’, ‘पत्ता अपुरा’, ‘गांवीं राहत नाहीं’: हे चार-दोन शब्द लिहिणारा माणूस त्या दारापर्यंत गेला होता कीं नाहीं, हें त्या शेऱ्यावरून कोणासही कळत नाहीं, आणि सहसा कोणी विचारीतही नाहीं.

तो शेरा लिहिणारा माणूस कोण, हें आतां पाहूं. कारण एवढ्या मोठ्या गृहीताचा भार शेवटीं त्याच्याच खांद्यावर आहे. शाखा-पोस्ट चालविणारा आणि तेथून पत्रें वांटणारा इसम हा बहुधा खात्याचा पुरा नोकर नसतो. कंपनी सरकारच्या अमदानीपासून अशी रीत पडली कीं, गांवांतील शाळामास्तर, दुकानदार, अशा ज्याच्या पोटापाण्याची दुसरी सोय आहे त्या गृहस्थानें फावल्या वेळीं पोस्ट सांभाळावें आणि सरकारनें त्यास कांहीं मोबदला द्यावा. अशांस खात्याबाहेरचे नोकर म्हणत. १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें यांचें पद हें सरकारी पदच होय असा निर्णय दिला, तरी नियमित नोकरांच्या पंक्तींत त्यांचें पान मांडलें गेलें नाहीं. नांव मात्र बदललें. आतां त्यांस ग्रामीण डाक सेवक म्हणतात. कमलेश चंद्र समितीच्या २०१६ च्या अहवालानंतर १ जुलै २०१८ पासून मोबदल्याचे जे आंकडे ठरले ते असे: शाखा-पोस्टमास्तरास चार तासांच्या कामाबद्दल १२,००० रुपये व पांच तासांच्या कामाबद्दल १४,५०० रुपये, पत्रें वांटणाऱ्या सहायकास अनुक्रमें १०,००० व १२,००० रुपये, त्यावर महागाई भत्ता. नियमित नोकरासारखें पेन्शन नाहीं. पोस्टासाठीं जागा शाखा-पोस्टमास्तरानेंच पाहावयाची. आणि उपजीविकेचें दुसरें साधन असावें हीही नियमांतली अपेक्षा आहेच.

या माणसाचा दिवस कसा जातो हें शहरांतल्या वाचकास बहुधा ठाऊक नसेल. उपपोस्टांतून निघालेली थैली कोठें सेवकाच्या सायकलीवर येते, कोठें एस्. टी.नें येते, गाडी चुकली कीं थैली दुसऱ्या दिवसावर गेली. थैली फोडून मोजदाद करावयाची, शिक्के मारावयाचे, हातांतल्या यंत्रावर नोंदी करावयाच्या. आणि कित्येक गांवीं त्या यंत्रास आवाका सांपडावा म्हणून देवळामागची टेकडी गांठावयाची. तोंवर बचतखात्याचे गिऱ्हाईक येऊन बसलेलें असतें. १ सप्टेंबर २०१८ पासून पोस्टाची स्वतःची पेमेंट्स बँक निघाली. तिचें काम आलें. विम्याचें काम आधींचेंच होतें. वरून जीं पत्रकें येतात त्यांत खातीं किती उघडलीं, विमे किती उतरविले यांचे रकाने ठळक असतात. अमुक वाडींत पत्र किती दिवसांनीं पोंचलें याचा रकाना ठळक असल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. चार तासांच्या मोबदल्यांत हें सर्व उरकून उरलेल्या वेळांत त्यानें तीन डोंगर ओलांडून सात वाड्या फिराव्यात अशी अपेक्षा आहे. तो फिरत नाहीं म्हणून त्यास दोष देणें सोपें आहे. आम्हांस तो दोष त्याच्या पदरांत घालवत नाहीं. अर्धा दिवस विकत घेऊन पुरा दिवस मागणाऱ्या धन्यास अर्धेंच काम मिळतें, आणि अर्ध्या कामाची पुरी नोंद मिळते.

गांव म्हणजे एका ठिकाणीं वसलेलीं शे-दोनशें घरें, ही समजूत देशावर कांहीं अंशीं खरी असेल. कोंकणांत एकाच महसुली गांवाच्या दहा-बारा वाड्या डोंगरांत विखुरलेल्या असतात, आणि एका वाडींत एकाच आडनांवाचीं वीस घरें व त्यांत एकाच नांवाचे तीन पुरुष असतात. मेळघाटांत, धडगांव-अक्कलकुव्याकडे, पालघरच्या पाड्यांत हाच प्रकार निराळ्या रूपानें आहे. भामरागडास तर पर्लकोटा नदीला पूर आला कीं पुलावरून पाणी जातें आणि सगळ्या टापूचा संबंध तुटतो. तेथें थैलीच अलीकडच्या तीरावर राहते, मग पत्राची गोष्ट कशाला? बीड आणि त्याच्या आसपासच्या जिल्ह्यांतून ऊस तोडण्यासाठीं जाणारीं बिऱ्हाडें दिवाळीच्या सुमारास दाराला कुलूप लावून निघतात तीं उन्हाळ्यांत परततात. त्यांच्या नांवें आलेल्या लिफाफ्यावर ‘दार बंद’ हा शेरा अगदीं खरा असतो. पण त्या खऱ्या शेऱ्यावरून काढलेलें अनुमान तेवढेंच खोटें असतें.

पत्त्याच्या या घोळावर एका मराठी माणसानें एकदां फार मोठा उपाय केला. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यांतील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवि व नाटककार. त्यांच्या कल्पनेंतून निघालेला सहा आंकड्यांचा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला, आणि भाषा कोणतीही असो, अक्षर कसेंही असो, पत्र बरोबर त्या टापूंत जाऊं लागलें. पण पिनकोडाचा सहावा आंकडा पत्रास वांटप करणाऱ्या पोस्टापर्यंत नेऊन सोडतो, दारापर्यंत नाहीं. खेड्यांत एकाच पिनकोडाखालीं कित्येक गांवें आणि त्यांच्या सगळ्या वाड्या येतात. २०२५ च्या मे महिन्यांत खात्यानें डिजिपिन नांवाची नवी योजना जाहीर केली. तिच्यांत सगळा देश सुमारें चार मीटर लांब-रुंद चौकोनांत कापून प्रत्येक चौकोनास दहा अक्षरांची खूण दिली आहे. योजना हुशारीची आहे आणि एकाच नांवाच्या तीन पुरुषांची घरें निराळीं ओळखण्यास तिचा उपयोग होईल. तथापि चौकोनास पाय नसतात. घर कोठें आहे हें नकाशास कळलें म्हणून तेथें जाणारा माणूस निर्माण होत नाहीं. आणि खेड्यांत खरें पाहतां घर कोठें आहे हें त्या सेवकास आधींच पाठ असतें.

मग पत्रें प्रत्यक्षांत पोंचतात तरी कशीं? याचें उत्तर प्रत्येक खेडुतास ठाऊक आहे. तीं किराणा दुकानांत ठेवलीं जातात, शाळेंत गुरुजींकडे दिलीं जातात, ग्रामपंचायतीच्या मेजावर पडून राहतात, किंवा बाजाराला आलेल्या वाडींतल्या कोणाच्या तरी पिशवींत टाकलीं जातात. या रीतींत माणुसकी आहे हें आम्ही नाकबूल करीत नाहीं. तिच्यावरच आजवर निम्मा महाराष्ट्र टपाल वाचीत आला. परंतु जे वाचक ग्रामव्यवस्थेच्या गोडव्यानें फार मोहून जातात त्यांस आमचा एक प्रश्न आहे. दुकान कोणाचें? मेज कोणाचें? पिशवी कोणाची? गांवाबाहेरच्या वस्तींतल्या माणसाचें पत्र गांवांतल्या ज्या ओट्यावर पडून राहतें त्या ओट्यावर जाऊन तें मागण्याची त्याची आजही छाती होते काय? त्यानें ज्याच्याविरुद्ध अर्ज केला त्याच गृहस्थाच्या दुकानांत त्या अर्जाचें उत्तर येऊन पडलें तर तें त्याच्या हातीं कोणत्या स्थितींत येईल? विधवेचें बँकेचें कार्ड दिराच्या हातीं, आणि गुप्त आंकड्याचा लिफाफा चार दिवसांनीं त्याच हातीं, असें झाल्यावर त्या खात्यावर नांव कोणाचें आहे या प्रश्नास कितपत अर्थ उरतो?

बहिणींच्या हिश्शाची गोष्ट तर याहून कठीण आहे. महाराष्ट्रांत १९९४ सालीं आणि सगळ्या देशांत २००५ सालीं मुलीस वडिलोपार्जित मिळकतींत मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला. तो कायदा व्हावा म्हणून सुधारकांच्या पिढ्यांनीं टीका सोसली. बाप वारल्यावर वारसांच्या नोंदीचा फेरफार निघतो, त्यावर हरकत घेण्यास पंधरा दिवसांची मुदत असते, आणि नोटीस निघते ती पुष्कळदां माहेरच्या पत्त्यावर. कारण दप्तरांत बहिणीचा दुसरा पत्ताच नसतो. ती नोटीस घेणारा भाऊ असतो. सगळे भाऊ वाईट नसतात. पण ज्या कागदानें माणसाचा हिस्सा कमी होणार तो कागद त्याच्याच हातीं देऊन त्यानें तो दहा गांवें ओलांडून बहिणीकडे पोंचवावा असें मानणें, हें कायद्याचें भोळेपण म्हणावें कीं आणखी कांहीं? विधिमंडळानें दिलेला हक्क ओटीवरच्या कोनाड्यांत अडकून राहतो, आणि मुदत संपते.

रजिस्टर टपालाची निराळी सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टांत विलीन झाली, आणि पुढच्याच महिन्यापासून दरही बदलले. माग काढण्याची सोय सुधारली हें कबूल. परंतु माग लागतो तो शाखा-पोस्टाच्या नोंदीपर्यंत, आणि नोंद करणारा तोच चार तासांचा सेवक आहे. पुस्तकांच्या बाबतींत आम्ही पक्षपाती आहों हें आधींच सांगतों, कारण छापील कागद खेड्यांत जावा यांत आमचाही स्वार्थ आहे. छापील पुस्तकांसाठीं असलेली स्वस्त रजिस्टर सेवा डिसेंबर २०२४ मध्यें बंद झाली. पुढें १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू करून खात्यानें ती चूक कांहीं अंशीं दुरुस्त केली. मधल्या चार-साडेचार महिन्यांत लहान प्रकाशकांची आणि वाचकांची जी ओढाताण झाली तिच्यावरून एवढें दिसलें कीं, असे निर्णय घेतांना ज्यांच्या दारांत दुसरें कांहींच येत नाहीं त्यांचा विचार शेवटीं होतो.

खातें तोट्यांत आहे, तें आणखी खर्च कोठून करणार, असा आक्षेप येईल. डेन्मार्कचें उदाहरणही दिलें जाईल. तेथील सरकारी मालकीच्या टपालसंस्थेनें ३० डिसेंबर २०२५ रोजीं पत्रवाटपाचें चारशें वर्षांचें काम थांबविलें. पण त्या देशांत सरकारी पत्रव्यवहार आधींच विजेच्या वाटेवर गेलेला होता आणि नागरिकास त्याचें उत्तर त्याच वाटेनें देतां येत होतें. आमच्याकडे दूरध्वनीचा आंकडा दोन वर्षांत बदलतो, घरांत एकच यंत्र असतें आणि तें बहुधा पुरुषाच्या खिशांत असतें. दृष्टान्तच हवा असेल तर अमेरिकेचा घ्यावा. १८९६ पर्यंत तेथील शेतकऱ्यास पत्रासाठीं मैलोगणती पोस्टांत जावें लागे. त्या वर्षीं शेतघरांपर्यंत फुकट वांटप करण्याचा प्रयोग सुरू झाला आणि १९०२ सालीं तो कायम झाला. खर्चाची ओरड तेथेंही झाली. पण टपालाच्या गाडीस जातां येईल असा रस्ता असल्याखेरीज वांटप मिळणार नाहीं अशी अट असल्यामुळें लोकांनीं रस्ते सुधारले. पुढें १९१३ पासून पार्सलेंही त्याच वाटेनें जाऊं लागलीं. पोस्ट गांवाच्या मागून गेलें नाहीं, गांवाच्या पुढें गेलें. शिवाय तोट्याचा हिशेब आमच्याकडे एकाच बाजूनें मांडतात. न पोंचलेल्या समन्सामुळें फिरून चालवावे लागणारे दावे, हुकलेल्या मुलाखती, तालुक्याच्या ठिकाणीं बुडालेल्या मजुऱ्या यांचा खर्च टपालखात्याच्या ताळेबंदांत येत नाहीं. तो खेडुताच्या घरखर्चांत येतो.

काय करावें? पहिली गोष्ट, जेथें वाड्या विखुरलेल्या आहेत तेथें दोन-तीन शाखा-पोस्टें मिळून पत्रवाटपासाठीं पुऱ्या दिवसाचा आणि पुऱ्या पगाराचा माणूस असावा. बचत व विमा यांचें काम त्याच्या गळ्यांत असूं नये. सगळ्या देशांत एकदम हें होणार नाहीं हें आम्ही जाणतों. भामरागड, धारणी, अक्राणी अशा पांच-दहा तालुक्यांत सुरुवात करून पाहावी. थैली शाखा-पोस्टांत केव्हां आली आणि पत्र घरांत केव्हां पडलें, या दोन तारखांमधील अंतर प्रत्येक शाखा-पोस्टानिहाय दर तिमाहीस प्रसिद्ध करावें. यंत्र सेवकाच्या हातीं आहेच, त्यांत हा रकाना ठळक करण्यास खर्च नाहीं. ‘दार बंद’ असा शेरा मारण्यापूर्वीं दारावर चिठ्ठी लावणें, दुसऱ्या दिवशीं पुन्हां जाणें आणि त्या जाण्याची नोंद त्या जागेवरूनच यंत्रांत करणें आवश्यक ठरवावें. डिजिपिनाचा खरा उपयोग येथें आहे. आणि फेरफाराच्या वेळीं प्रत्येक वारसाचा, विशेषतः विवाहित मुलीचा, राहता पत्ता लिहून घेतल्याखेरीज नोंद पुढें सरकवूं नये. हें काम महसूलखात्याचें आहे आणि त्यास पोस्टाची वाट पाहावी लागत नाहीं.

राहिली गृहीताची गोष्ट. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या एकशें बाविसाव्या कलमानें उच्च न्यायालयांस आदेशांतील नियम बदलण्याचा अधिकार दिलेला आहे. शाखा-पोस्टाच्या हद्दींतील पत्त्यावर गेलेल्या समन्साची पोंचपावती परत आली नाहीं तर निव्वळ तीस दिवस लोटले एवढ्यावरून तें बजावलें असें न धरतां निदान एकदां प्रत्यक्ष बजावणीचा प्रयत्न व्हावा, एवढी दुरुस्ती मुंबईच्या उच्च न्यायालयास या अधिकारांत करतां येईल. तसेंच कायद्यानें जें टपाल पोंचलें असें गृहीत धरलें आहे तेवढ्या टपालापुरती तरी पोस्टानें जबाबदारी पत्करावी. २०२३ च्या कायद्याच्या दहाव्या कलमांत अशी जबाबदारी नियमानें ठरविण्याची जागा मोकळी ठेवलेलीच आहे. त्यासाठीं नवा कायदा नको, संसदेची बैठकही नको. दिल्लीच्या डाक भवनांतून निघालेली एक अधिसूचना पुरे आहे, आणि ती खेड्यांत केव्हां पोंचते हें आम्ही पाहणार आहों.